मोझेलची रीसलिंग : पहिली बाटली घेण्याआधी

गोड वाईन म्हटलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. नवखा म्हणतो, "बरं झालं, निदान घशाखाली उतरेल." चार बाटल्या जास्त पचवलेला नाक मुरडतो, कारण गोड वाईन म्हणजे शिकाऊ लोकांची, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची अर्धगोड रीसलिंग (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) या दोघांनाही बुचकळ्यात टाकते. तिच्यात साखर असते, कधी कधी चांगली भरपूर असते, आणि तरी घोट गिळल्यावर तोंड चिकट होत नाही. उलट पाणी सुटतं.

ज्यांनी ही वाईन कधी स्वतः निवडून घेतलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. नोकरीनिमित्त फ्रँकफर्ट-श्टुटगार्टकडे गेलेले, युरोपच्या सहलीवर निघालेले किंवा ड्यूटी-फ्रीच्या फळीसमोर उभं राहून लेबलावरची लांबलचक जर्मन अक्षरं बघत बसलेले. दुकानात जे प्रश्न ज्या क्रमाने पडतात, साधारण त्याच क्रमाने लिहितो.

आधी जागा समजून घ्या

मोझेल नदी फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम पावते आणि ५४४ किलोमीटर वाहत कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते. जर्मनीतल्या ट्रिअर शहराच्या पुढे ती आयफेल आणि हुन्सरुक या दोन डोंगराळ प्रदेशांमधून वाट काढते, तीही सरळ नाही. अशी वळणं घेत की काही ठिकाणी एका वळणाची दोन टोकं डोंगराच्या दोन अंगांना येऊन भेटायला बघतात. आपण इथे ५० उत्तर अक्षांशाच्या आसपास आहोत. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकणं हीच मुळात ओढाताण. म्हणून चांगल्या बागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या उभ्या उतारांवर आहेत, जिथे तिरपं ऊन थेट वेलीच्या अंगावर पडतं. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट नावाच्या उतारावर चढ काही जागी ६५ अंशांच्या घरात जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावर चालणाऱ्या छोट्या गाडीतून माणसं आणि द्राक्षांचे क्रेट वरखाली जातात, बाकी सगळं हाताने आणि पायाने.

जमीन म्हणजे पाटीचा दगड. शाळेत ज्यावर अक्षरं गिरवायचे, तोच. निळसर, करडा, काही गावांत तांबडा. त्याच्या चपट्या कपच्यांनी उतार झाकलेला असतो. दिवसा तापलेला हा दगड रात्री ऊब सोडत राहतो आणि पाऊस पडला की पाणी पटकन खाली निघून जातं. पावसाबरोबर कपच्याही घसरतात, त्या पुन्हा वर नेऊन टाकाव्या लागतात.

आता मुद्दा. नाशिकला वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. ऊन चढत असतं, साखर भराभर वाढते आणि मण्यातली आंबटी तितक्याच झपाट्याने उतरते. मोझेलला काढणी होते सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरभर, हवा गार होत असताना. साखर सावकाश भरते आणि आंबटी शेवटपर्यंत टिकते. या वाईनचं सगळं कसब त्या टिकलेल्या आंबटीवर उभं आहे.

लिंबू सरबत आठवा. एका पेल्यात किती साखर पडते ते बनवणाऱ्यालाच माहीत असतं, पिणाऱ्याला ते फक्त 'छान' लागतं. लिंबू कमी पडलं तर मात्र तेच सरबत पाक होतं. रीसलिंगमध्ये लिटरमागे ७ ते ९ ग्रॅम आम्ल सहज असतं, म्हणून ४० ग्रॅम साखर तिला पेलवते. संदर्भासाठी, कोलाच्या लिटरभरात साधारण १०६ ग्रॅम साखर असते.

लेबलावर पहिल्यांदा अल्कोहोलचा आकडा शोधा

गावाचं नाव, बागेचं नाव, गॉथिक वळणाची अक्षरं, ढालीवरचा सिंह, सगळं सोडा. बारीक टायपात टक्के लिहिलेले असतात, ते आधी बघा. नवख्या माणसासाठी मोझेलच्या बाटलीवर याहून उपयोगी माहिती दुसरी नाही.

कारण सोपं आहे. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्च झाली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं. समजा रसात लिटरमागे १८० ग्रॅम साखर होती. सगळी आंबली तर साडेदहा टक्क्यांच्या आसपास वाईन होईल आणि ती कोरडी, म्हणजे गोडवा न उरलेली असेल. आठ टक्क्यांवर थांबवली तर १३६ ग्रॅम खर्च झाली आणि चाळीसच्या वर शिल्लक राहिली. आकडा जितका खाली, तितकी साखर आत.

ढोबळ हिशेब असा ठेवा. साडेसात ते नऊ टक्के असेल तर वाईन नक्की गोडसर. दहा ते साडेअकरा असेल तर बहुतेक मधली, म्हणजे जरासा गोडवा आणि खणखणीत आंबटपणा. बारा किंवा वर असेल तर ती कोरडी समजून चाला. अपवाद सापडतात, पण दुकानात दहापैकी नऊ वेळा हा हिशेब चुकत नाही.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न : "मग वरून साखर घालतात का?" ज्या बाटलीवर 'प्रेडिकाट्सवाइन' लिहिलेलं असतं, तिच्या रसात साखर घालायला जर्मन कायद्याने बंदी आहे. गोडवा द्राक्षाचाच. तळघर थंड करून, गंधकाचा अंश देऊन आणि यीस्ट गाळून आंबणं मध्येच थांबवतात. काही उत्पादक न आंबवलेला द्राक्षरस बाजूला राखून शेवटी थोडा मिसळतात, त्यालाही परवानगी आहे. 'क्वालिटेट्सवाइन' या खालच्या पायरीवर मात्र आंबण्याआधी रसात साखर घालून अल्कोहोल वाढवण्याची मुभा असते. तशी वाईन वाईटच असते असं मुळीच नाही. कित्येक चांगल्या घराण्यांची रोजची बाटली याच पायरीवर निघते.

मग हे चार-पाच शब्द

काबिनेट, श्पेटलेझे, आउस्लेझे. ही प्रेडिकाट्सवाइनच्या आतली चढती भांजणी आहे आणि ती मोजते खुडताना मण्यात साखर किती होती ते. नाशिकचा बागायतदार ब्रिक्स मोजतो, जर्मन माणूस त्यासाठी एक्स्ले नावाचं माप वापरतो. ८० एक्स्ले म्हणजे जवळपास १९ ब्रिक्स. काबिनेट सगळ्यात हलकी, श्पेटलेझे उशिरा खुडलेली आणि भरीव, आउस्लेझे निवडक अतिपक्व घडांची.

घोळ इथेच होतो. हे माप द्राक्षाचं आहे, बाटलीतल्या गोडव्याचं नाही. म्हणून 'काबिनेट ट्रोकन' अशी बाटलीही मिळते. ट्रोकन म्हणजे कोरडी. शेपटाला ट्रोकन नसेल, नुसतं काबिनेट असेल आणि आकडा आठ-नऊचा असेल, तर ती तुम्हाला हवी असलेली गोडसर बाटली. हाल्बट्रोकन म्हणजे अर्धकोरडी, तिची कमाल साखर लिटरमागे १८ ग्रॅम. फाइनहेर्ब हा शब्द जरा बेरकी आहे. कायद्याने त्याला नेमकी मर्यादा घातलेली नाही, प्रत्येक उत्पादक आपापल्या चवीने वापरतो. बहुतेकदा तो हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा थोडा वर असतो. जेवणाबरोबर मला स्वतःला फाइनहेर्बच जास्त आवडते, पण पहिल्या बाटलीसाठी मी काबिनेटच सांगेन. मोझेलला जे जमतं आणि इतरांना फारसं जमत नाही, ते काबिनेटमध्ये उघड दिसतं. आठ टक्क्यांची वाईन, आणि तरी पाणचट नाही.

एक सापळा : 'ट्रोकनबेरेनआउस्लेझे'. यातला ट्रोकन वाईनबद्दल नाही, वेलीवरच सुकलेल्या मण्यांबद्दल आहे. ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात महाग. कोरडी समजून उचलू नका. किंमत बघून तसंही उचलणार नाही.

गाव आणि बाग

जर्मन लेबलावर गावाच्या नावाला 'एर' लागतो आणि पुढे बागेचं नाव येतं. वेलेन गावची झोनेनउर बाग, तर लेबलावर 'वेलेनर झोनेनउर'. झोनेनउर म्हणजे सूर्यघड्याळ, आणि ते खरोखरच त्या उतारावर, वेलींच्या मध्ये, खडकावर रंगवलेलं आहे. योडोकुस प्र्यूम यांनी १८४२ साली ते उभारलं, मजुरांना वेळ कळावी म्हणून. नदीपलीकडच्या काठावरून ते स्पष्ट दिसतं. बेर्नकास्टेलर डॉक्टर, युर्त्सिगर व्युर्त्सगार्टन, ब्राउनेबेर्गर युफर, पिसपोर्टर गोल्डट्र्योप्फशेन ही अशीच नावाजलेल्या एकेका उताराची नावं. जीभ वळत नसेल तर फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दुकानदाराला दाखवा.

आता सावध राहण्याची गोष्ट. 'पिसपोर्टर मिखेल्सबेर्ग' दिसायला अगदी तसंच नाव आहे. पण मिखेल्सबेर्ग ही एक बाग नाही. १९७१ च्या कायद्याने आखलेला तो मोठा पट्टा आहे, ज्यात अनेक गावांची, सपाट जमिनीवरचीसुद्धा द्राक्षं येऊ शकतात. 'बेर्नकास्टेलर कुरफ्युर्स्टलाय'चंही तेच. सुपरमार्केटमध्ये तीन-चार युरोला नामांकित गावाची बाटली दिसली तर बहुधा ही भानगड असते. फसवणूक म्हणता येणार नाही, कायदेशीरच आहे, पण अशी एक गुळचट बाटली पिऊन मोझेलला कायमचा रामराम ठोकणारे पुष्कळ भेटतात.

म्हणून नवख्याने बागेपेक्षा उत्पादकाचं नाव धरावं. योह. योस. प्र्यूम, डॉ. लोझेन, झेलबाख-ओस्टर, फ्रिट्स हाग, विली शेफर ही मधल्या मोझेलवरची भरवशाची नावं. झार या उपनदीवर त्सिलिकेन आणि एगोन म्युलर (यांच्या वरच्या बाटल्यांची किंमत नुसती वाचायला ठीक आहे), रुवर या उपनदीवर माक्सिमिन ग्र्युनहाउस. झार-रुवरची हवा आणखी गार, तिथली वाईन जास्त धारदार. जर्मनीत चांगली काबिनेट बऱ्याच ठिकाणी १० ते २० युरोंत मिळते, आणि इतक्या श्रमाच्या वाईनला ती किंमत कमीच वाटते.

झाकणावर घडासह गरुडाचं चिन्ह दिसलं तर तो उत्पादक व्हीडीपी या निवडक संघटनेचा सदस्य आहे. 'गुट्सअबफ्युलुंग' म्हणजे स्वतःच्या मळ्याची द्राक्षं, स्वतःच भरलेली बाटली. आणि कोपऱ्यात 'ए.पी.' अशा अक्षरांनंतर एक लांब आकडा असतो, त्याचे शेवटचे दोन अंक म्हणजे सरकारी चाचणी झाली ते वर्ष. एकाच उत्पादकाच्या एकाच वर्षीच्या दोन बाटल्या तंतोतंत सारख्या दिसत असतील तर या आकड्यातला त्याआधीचा गट बघा. तो वेगळा असेल तर आतली वाईनही वेगळी.

थंड करणं, उघडणं

आठ ते दहा अंश सेल्सियस. घरचा फ्रिज याहून थंड असतो, म्हणून बाटली पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात पाच मिनिटं पुरेत. फार गार प्याल तर वास मिटून जातो आणि नुसता आंबटपणा लागतो, कोमट झाली तर साखर वर येते. बर्फ घालू नका. मध्यम आकाराचा, तोंडाशी थोडा निमुळता काचेचा पेला हवा आणि तो एक तृतीयांशच भरा.

उघडल्यावर घाबरवणाऱ्या तीन गोष्टी घडू शकतात. बुचाच्या तळाशी किंवा बाटलीच्या बुडाशी काचेच्या चुऱ्यासारखे चमकदार खडे दिसतात. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, थंडीने खाली बसलेले, पूर्ण निरुपद्रवी. पेल्यात बारीक बुडबुडे दिसतात. तो आंबताना राहिलेला वायू, जिभेवर हलकी चुरचुर देतो. आणि नुकत्याच बाजारात आलेल्या वाईनला कधी विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास येतो. पेला चांगला फिरवा, दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा जातो. पुठ्ठा ओला होऊन कुबट झाल्यासारखा वास आला आणि तो जात नसेल, तर मात्र बूच खराब आहे. दुकानात परत न्या.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. चार-पाच दिवस सहज टिकते, दुसऱ्या दिवशी तर कधी कधी जास्त मोकळी लागते. एकट्या राहणाऱ्याला ही फार सोयीची वाईन आहे.

घोट घेताना काय शोधायचं

वासात हिरवं सफरचंद, लिंबाची किंवा मोसंबीची साल, पांढरं पीच, आणि पहिल्या पावसात भिजलेल्या दगडासारखं काहीतरी. हे सगळं सापडलंच पाहिजे असं नाही. त्याऐवजी एकच गोष्ट करून बघा. घोट तोंडात घेतल्यावर गोडवा कधी जाणवतो आणि कधी संपतो तेवढं लक्ष द्या. चांगल्या काबिनेटमध्ये तो जिभेच्या शेंड्यावर येतो आणि गिळण्याआधीच आंबटपणा त्याला ओढून नेतो. मागे गाल आत ओढल्यासारखे होतात. गोडवा शेवटपर्यंत बसून राहिला तर बाटली सामान्य आहे किंवा कोमट झालीये.

दहा-पंधरा वर्षं ठेवलेली रीसलिंग मिळाली तर मधाबरोबर पेट्रोलसारखा वास येईल. तो दोष नव्हे. द्राक्षातल्या घटकांपासून कालांतराने बनणाऱ्या टीडीएन नावाच्या संयुगाचा तो वास आहे. काही लोक त्यावर जीव टाकतात, काही पेला सरकवून देतात. मी पहिल्या गटात आहे, पण दुसऱ्या गटाशी भांडत नाही.

इतकं सगळं जमवण्याआधी जीभ तयार करायची असेल तर नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या. तिच्यातली बरीचशी अशीच गोडसर असते आणि खिशाला परवडते. आंबटीची धार तेवढी नसेल. फरक नेमका तिथेच कळेल.

आपल्या ताटात

अल्कोहोल तिखटाला भडकवतं आणि साखर त्याला शांत करते. कमी अल्कोहोल आणि थोडी साखर, हे दोन्ही एकाच बाटलीत असल्यामुळे मोझेल आपल्या जेवणाला जितकी सोसते तितक्या फार थोड्या वाईन सोसतात. कोळीवाडा कोळंबी, रव्यात तळलेली सुरमई, बटाटवडा आणि हिरवी मिरची, साबुदाणा वडा (उपवास सोडून), कोथिंबीर वडी. सगळ्यात जमलेली जोडी माझ्या मते अळूवडीची : चिंच-गुळाचं आंबटगोड आतून, तळलेलं बाहेरून, वाईनचा आंबटपणा तेल कापतो आणि गुळाशी तिचं वैर नाही. नारळाच्या रसातली गोव्याची माशाची आमटी असेल तर काबिनेटऐवजी श्पेटलेझे घ्या, थोडा भार लागतो.

जमत नाही ते सांगतो. तांबड्या रश्शापुढे काबिनेट पार हरवते, त्याबरोबर ताकच बरं. पुरणपोळी, श्रीखंड, आमरस हे वाईनपेक्षा गोड आहेत. त्यांच्यापुढे तीच वाईन लिंबाच्या पाण्यासारखी लागेल. जेवण सुरू होण्याआधीचा पेला आणि तळणीचे पदार्थ, ही हिची खरी जागा.

तिकडे जायचं असेल तर

कोब्लेंझ ते ट्रिअर रेल्वे आहे आणि कोखेमसारखी गावं त्याच मार्गावर येतात. बेर्नकास्टेल-कूसला विटलिश स्टेशनवरून बस घ्यावी लागते. गाडी चालवणाऱ्यासाठी जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, तेव्हा चाखायचं असेल तर रेल्वे किंवा बसच. नदीकाठचा सायकलमार्ग सुरेख आणि बहुतांशी सपाट आहे, पण सायकलवाल्यांनाही नियम असतात हे ध्यानात असू द्या. मोठ्या घराण्यांकडे आधी ईमेल करून वेळ घ्यावी, तसंच टपकणं त्यांना रुचत नाही. दारावर झाडू किंवा हिरव्या फांद्यांचा गुच्छ टांगलेला दिसला तर ती 'श्ट्राउसविर्टशाफ्ट', शेतकऱ्याने स्वतःच्या वाईनसाठी वर्षातून जास्तीत जास्त चार महिने चालवलेली घरगुती खानावळ. तिथे पेल्यावर वाईन मिळते, ब्रेड-चीज-सॉसेज मिळतं आणि पुष्कळदा वाढणारीच व्यक्ती सकाळी उतारावर कामाला गेलेली असते. काबिनेट, फाइनहेर्ब, ट्रोकन असे तीन छोटे पेले शेजारी ठेवायला सांगा. वर जे सगळं वाचलंत ते अर्ध्या तासात जिभेला कळेल.

परतताना भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. द्रव असल्यामुळे गावातल्या दुकानातून घेतलेल्या बाटल्या चेक-इन सामानातच जातील. मोझेलची बाटली उंच आणि निमुळती असते, आडवी ठेवताना मानेशी मोकळी जागा राहते. तिथे मोजे कोंबा, आणि बॅगेच्या मधोमध कपड्यांत गुंडाळून ठेवा. प्रवासानंतर आठवडाभर अंधाऱ्या, गार जागी पडू द्या. ओट्याजवळचं कपाट नको, तिथली उष्णता महिन्याभरात बाटलीचं वाटोळं करते.